संगणकातल्या रांगा वर्गात आणूया

संगणकाच्या तासाला आपण काय शिकवतो? माउस, कीबोर्ड, मॉनिटर. मग पेंटमध्ये एक झोपडी. माझ्या मते हे पुरेसं नाही. आत कामांची वाटणी कशी होते, हे चौथीच्या मुलांनाही समजतं आणि त्यासाठी संगणक लागत नाही. (लाइट गेली तरी तास चालू!)

प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकच काम हाती घेतो. कामं मात्र ढीगभर. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम अनेक रांगा लावते. नवीन काम वरच्या रांगेत येतं. तिथे वेळ थोडाच. तेवढ्यात उरकलं नाही, तर ते खालच्या रांगेत जातं. खाली पाळी उशिरा येते, पण आली की जास्त वेळ मिळतो. त्यामुळे मागे मोठी आकडेमोड चालू असली तरी तुम्ही टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतं. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ही पद्धत वापरली, 1962 साली ती मांडली.

आता खडूने जमिनीवर तीन पट्टे आखा. प्रत्येक मुलाला टाळ्यांच्या आकड्याची चिठ्ठी द्या. एक मूल प्रोसेसर. पहिल्या पट्ट्यात एका पाळीला 2 टाळ्या, दुसऱ्यात 4, तिसऱ्यात 8. वरचा पट्टा रिकामा झाल्याशिवाय खाली जायचं नाही. 20 टाळ्यांची चिठ्ठीवाली मुलगी 6 टाळ्या घेऊन तिसऱ्या पट्ट्यात पोचते. मग तुम्ही वर छोट्या चिठ्ठ्यांची नवीन मुलं पाठवतच राहा. थोड्या वेळात कुणीतरी ओरडतंच, "बाई, हिचा नंबर कधी?"

इथेच खरी मजा आहे. या अडचणीला संगणकशास्त्रात उपासमार म्हणतात. उपाय असा, की ठरावीक काळाने सगळ्यांना पुन्हा वरच्या रांगेत आणायचं. विंडोजमध्येही फार वेळ ताटकळलेल्या कामाला तात्पुरतं वर घेतलं जातं.

आणि आपल्या वर्गात? पटकन हात वर करणाऱ्यालाच आपण विचारतो. जूनमध्ये एखाद्यावर 'ढ' असा शिक्का बसला, की मार्चपर्यंत तो तसाच. घरीही तेच, "ताई बघ कशी पटापट सांगते!" मुलं म्हणजे प्रोसेस नव्हेत, मान्य. पण यंत्राला जी सोय करून दिली, ती मुलाला का नको?

खेळ संपताना मुलांना विचारा, किती टाळ्यांनंतर सगळ्यांना वर आणायचं? कुणी 10 म्हणेल, कुणी 50. लवकर आणलं तर छोटी कामं रखडतात, उशिरा आणलं तर मोठी. उत्तर सांगू नका, भांडू द्या त्यांना.