पडदा लहान आहे गं!

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट. इंटर्नल्स तोंडावर आलेल्या, जर्नल अर्धवट, आणि कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा फोन. "अगं, आमच्याकडे सान होजेला मराठी पिक्चरचा फेस्टिव्हल आहे. आख्खी फॅमिली निघालोय. तू यातलं काय काय पाहिलंस?"

मी गप्प. कारण मी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. राहते घोटीत, म्हणजे मुंबई-नाशिक हायवेवर, आणि मराठी पिक्चरची चौकशी करतोय कोण, तर सातासमुद्रापलीकडचा दादा!

हा फेस्टिव्हल भरवला 'नाफा'ने, म्हणजे नॉर्थ अमेरिकन फिल्म असोसिएशनने. २०११ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या 'देऊळ'चे निर्माते अभिजीत घोलप यांचा त्यात पुढाकार. आधी मला हसूच आलं. म्हटलं, डॉलर कमवायचे आणि वीकएंडला मराठीचे उमाळे काढायचे, सोपं आहे! पण मग दादा म्हणाला, "माझी मुलगी मला इंग्लिशमध्येच उत्तर देते. थिएटरात मात्र तीनशे माणसं एकाच वाक्याला हसली, तेव्हा तिनं विचारलं, बाबा, ते काय म्हणाले?"

हे ऐकलं आणि माझं हसू पळालं. कारण ती मुलगी म्हणजे मीच की! माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड होता. दहावीपर्यंत मी आजीला सगळं 'अॅक्च्युअली' लावून सांगायचे. मराठी हरवायला अमेरिकेत जावं लागत नाही मित्रांनो, ती घोटीतसुद्धा हरवते. फरक इतकाच, की तिकडच्यांना ते कळलंय.

आपल्याकडे वाद काय? निर्माते म्हणतात, थिएटर मिळत नाही. थिएटरवाले म्हणतात, प्रेक्षक येत नाही. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचं ठरवलं, केवढा गदारोळ झाला! पण खुर्चीत माणूस बसवायचा नियम कोण करणार? 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसमध्ये बक्षीस मिळालं, 'साबर बोंडं'ला २०२५ साली सनडान्समध्ये. आपण व्हॉट्सअॅपवर अभिमानाचे मेसेज फॉरवर्ड केले. त्यातल्या किती जणांनी तिकीट काढलं? हात वर करा. माझा खालीच आहे.

आणि हे आपण करावं? आमच्या शेजारच्या तालुक्यातलं त्र्यंबकेश्वर हे दादासाहेब फाळक्यांचं जन्मगाव. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. तो इथल्या लोकांनी डोक्यावर घेतला आणि मग १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तिथे राहून काम करायची संधी होती, तरी ते परत आले. आधी घर, मग परदेश, असा तो क्रम होता. आपण तो उलटा केलाय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तिकडच्यांना नावं ठेवू नका, त्यांची नक्कल करा! आपल्या सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे, स्पीकर आहेत, लाइट गेली तर इलेक्ट्रिकलची पोरं आहेत. निर्मात्याची रीतसर परवानगी काढून (पेनड्राइव्हवरची चोरीची कॉपी नको!) वर्षातून दोन दिवस मराठी चित्रपट दाखवू. आणि अट एकच, प्रत्येकाने घरातलं एक म्हातारं माणूस बरोबर आणायचं.

ही अट का, तेही सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला लॅपटॉपवर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवला. फाळक्यांनी तो पहिला चित्रपट कसा काढला, त्याची ही गोष्ट. साडी नेसलेले बाप्ये बघून आजी पदर तोंडाला लावून हसत होती. "हे आपल्या त्र्यंबकचे?" असं तिनं तीनदा विचारलं. मग जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाची आठवण निघाली. बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे, आणि रीळ तुटलं की शिट्ट्या! वीस वर्षांत तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मीच कधी विचारलं नव्हतं.

पिक्चर संपल्यावर म्हणाली, "छान होता. पण पडदा लहान आहे गं. आणि दोघीच काय बघायचं?"

सान होजेवाल्यांना जे उमगलं, ते आजीला केव्हाचंच ठाऊक होतं. आता आपला नंबर. बोला, हॉल कोण बुक करतंय?