वस्ताद गेल्यावर काय उरते?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव बहुतेकांना शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात मराठ्यांनी निजामाला हरवले. निजामाने खर्ड्याच्या भुईकोट किल्ल्याचा आसरा घेतला आणि अखेर तह केला. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सारे सरदार एका निशाणाखाली लढले. रणांगणावर परशुरामभाऊ होते, पण सूत्रे होती ती नाना फडणवीसांच्या हाती. तलवार न चालवता लढाई जिंकून देणारा माणूस! आजच्या भाषेत त्याला प्रशिक्षक म्हणायला हरकत नाही.

हे आठवण्याचे कारण क्रिकेट आहे, आणि तेही त्याच भोसल्यांच्या नागपूरचे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळत होता. साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना नशिबी आला नव्हता. मुंबईकरांनी विदर्भाशी सामना म्हणजे हक्काचे गुण समजावेत, अशी अवस्था. २०१७ साली चंद्रकांत पंडित तेथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. मुंबईचा हा जुना यष्टिरक्षक शिस्तीचा कडक. आणि त्याच हंगामात चमत्कार घडला.

कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावात ११६ धावांची आघाडी घेतली होती. पूर्वीचा विदर्भ तेथेच खचला असता. हा संघ मात्र पाच धावांनी जिंकला. सामन्यात बारा बळी घेणारा रजनीश गुरबाणी हा शिक्षणाने इंजिनिअर. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली, अक्षय वाडकरने शतक ठोकले आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने करंडक उचलला. नव्या वर्षाची याहून गोड सुरुवात नागपूरकरांनी क्वचितच पाहिली असेल.

मग श्रेय कोणाचे? आपल्याकडे यश मिळाले की एकच मूर्ती मखरात बसवायची सवय आहे. अमेरिकेत तर विद्यापीठाचा फुटबॉल संघ चार सामने हरला की प्रशिक्षकाची गच्छंती होते आणि जिंकला की त्याचा जयजयकार! पण एकटा माणूस एका हंगामात गुरबाणी घडवू शकत नाही. त्या पोरांवर विदर्भाच्या संघटनेने आधी कित्येक वर्षे मेहनत घेतली होती, अकादमी चालवली होती. वासिम जाफरसारखा मुरलेला फलंदाज सोबतीला होता. पंडितांनी काय केले? ‘आपण हरण्यासाठी जन्मलेलो नाही’ एवढे त्यांच्या मनावर ठसवले. जमीन नांगरलेली होती, पाऊस वेळेवर पडला.

तरीही आमच्या मते प्रशिक्षकाची खरी परीक्षा करंडकाच्या दिवशी होत नाही. ती होते तो गेल्यानंतर. विदर्भाने २०१८-१९ मध्ये पुन्हा करंडक जिंकला. २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि जून २०२२ मध्ये त्यांनी त्या राज्यालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. हरवले कोणाला? खुद्द मुंबईला! इकडे विदर्भ पोरका झाला का? मुळीच नाही. २०२४ मध्ये तो अंतिम फेरीत पोचला आणि २०२५ मध्ये उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली तिसऱ्यांदा विजेता ठरला. कर्णधार होता तोच अक्षय वाडकर.

आता पुन्हा खर्ड्याकडे वळू. त्या विजयानंतर अवघ्या सात-आठ महिन्यांत, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव गेले आणि पुण्यात वारसाहक्काचे राजकारण सुरू झाले. एका निशाणाखाली आलेले सरदार एकमेकांवर उलटले. नानांची बुद्धी अफाट, पण ती जुळवाजुळव त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होती. डोक्यातली गोष्ट घडी होऊन मागे राहिली नाही. म्हणून खर्डा हा आरंभ ठरण्याऐवजी शेवटचा मोठा विजय ठरला.

तालमीत म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. चेल्याने उद्या आपल्यालाच चीत करू नये म्हणून! आमचे म्हणणे उलटे आहे. जो वस्ताद एकही डाव राखत नाही, ज्याच्या पाठीमागे तालीम तशीच घुमत राहते, तोच मोठा.

आणि हे केवळ क्रिकेटपुरते नाही. आज घराघरांत मुलाच्या क्लासची, सरांची, प्रशिक्षकाची निवड चालते. एका परीक्षेत गुण घसरले की सर बदलायचे, एक सामना हरला की अकादमी बदलायची. निकाल बघावा, जरूर बघावा. पण त्याबरोबर एवढेही बघावे, की सर समोर नसताना पोर आपणहून पुस्तक उघडते का? कोणी शिट्टी न वाजवता सकाळी मैदानावर जाते का? जात असेल, तर तुमच्या मुलाला वस्ताद चांगला मिळाला आहे. करंडक या वर्षी न का येईना, घाई करू नका.