परमुलखातील चार भिंती

मुंबईच्या डोंगरी भागात निळ्या फरशांनी मढविलेली एक जुनी वास्तू आहे. लोक तिला मोगल मशीद म्हणतात. दिल्लीच्या मोगलांशी मात्र तिचा काही संबंध नाही. इराणातून आलेल्यांना मुंबईत त्या काळी ‘मोगल’ म्हणत. त्यांच्यापैकीच एक व्यापारी हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी १८६० साली ती उभारली. परमुलखात राहणाऱ्याला अशा ठिकाणी केवळ नमाजाची सोय होते असे नव्हे. मायबोली कानी पडते, गावाकडची खबर कळते, आजारपणात वा मयतीला चार माणसे धावून येतात.

मराठी माणसाची तरी कथा याहून निराळी कोठे आहे? लंडनमध्ये १९३२ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, त्याचा आपणांस सार्थ अभिमान वाटतो. मग बिहार वा उत्तर प्रदेशातून चाकणच्या कारखान्यांत आलेल्या मुसलमान कामगाराने अशाच चार भिंती मागितल्या, तर आमच्या कपाळावर आठी का पडावी? इराणी तर परदेशस्थ होता. हा आपलाच देशबांधव आहे.

पिंपरी-चिंचवड हे नगरच मुळी बाहेरून आलेल्यांनी घडविले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीत वसले; १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि उद्योगांची रीघ लागली. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची वस्ती सतरा लाखांवर गेली होती. निगडीत केरळी धाटणीचे श्रीकृष्ण मंदिर उभे राहिले, ते आपण आपलेच मानले. तोच न्याय सर्वांना लागू हवा.

सार्वजनिक रस्ते व उद्याने यांवर नवे प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. तो योग्यच आहे आणि त्याला कोणत्याही धर्माचा अपवाद असू नये. परंतु आडमार्ग बंद करणाऱ्याने राजमार्ग खुला ठेवला पाहिजे. तो नसला की पत्र्याची शेड उभी राहते, तक्रार होते, नोटीस लागते आणि शेजारी शेजाऱ्याचा वैरी बनतो.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. नगररचनाकारांनी कारखान्यांबरोबर माणसांचाही हिशेब धरावा आणि सर्वधर्मीयांच्या सामाजिक वास्तूंसाठी एकाच नियमाने, योग्य मोल घेऊन, भूखंड द्यावेत. दान नको, पक्षपातही नको. वास्तू चालविणाऱ्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे : हिशेब उघडे ठेवावेत, ध्वनिवर्धकाची मर्यादा पाळावी, मराठीचे वर्ग चालवावेत आणि शेजाऱ्यांना आदराने आत बोलवावे.

डोंगरीतील त्या निळ्या फरशांनी मुंबई परकी झाली नाही. इराणी मात्र मुंबईकर झाले. हे आमच्या उद्योगनगरीने ध्यानी घ्यावे.