परमिट रूमवरचा ‘जाच’: गाळलेली बाजू



‘दारू विकणाऱ्या हॉटेलांवर नियमांचा जाच’ हे गेल्या अंकातील मत एकांगी आहे. महामार्गापासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 15 डिसेंबर 2016चा. परंतु छोट्या गावांसाठी हे अंतर 31 मार्च 2017 रोजीच 220 मीटरवर आले आणि त्याच वर्षी जुलैत नगरपालिका हद्दीतील परवाने बंदीतून वगळले गेले, ही पुढची हकिकत लेखकाने सोयीस्करपणे गाळली आहे. बारामती, इंदापूर या नगरपरिषदांच्या हद्दीत हा ‘जाच’ फार काळ टिकला नाही.

अशा हॉटेलातील परमिट रूम म्हणजे एफएल-3 परवान्यावर, परवानाधारक ग्राहकाला जागेवरच पिण्यासाठी मद्य देण्याची सोय होय. सीलबंद बाटली पिशवीत घालून देणे तीत बसत नाही, आणि मे 2020मध्ये टाळेबंदीत साठा विकण्यासाठी मिळालेली सवलत हा निव्वळ अपवाद होता. सौम्य बिअर व वाइनसाठी 21, इतर मद्यासाठी 25 वर्षे ही वयोमर्यादा काउंटरवर कितीदा तपासली जाते, यावर लेखात अवाक्षर नाही.

‘बायकांनी ओरड केली की दुकान बंद’ हे विधान तर सपशेल चूक आहे. मार्च 2008च्या आदेशानुसार ‘बाटली आडवी’ करण्यासाठी, म्हणजे मतदानाने दारूचे दुकान बंद पाडण्यासाठी, झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात; साहजिकच मतदानाच्या दिवशी ऊसतोडीला परमुलखी गेलेली बाई नकळत उभ्या बाटलीच्याच पारड्यात पडते.

एक वाचक,
वालचंदनगर (ता. इंदापूर)