बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका

खोकला थांबला, वजन वाढले. मग क्षयाच्या गोळ्या सहा महिने कशाला, असे रुग्ण मला विचारतात. शहाणा शेतकरी पहिल्याच पावसावर सगळे बी पेरत नाही, तसेच जंतूंचे. त्यांतले मोजके संकटाआधीच वाढ थांबवून सुस्त पडतात. औषध त्यांना सहजी मारत नाही. १९४४ मध्ये आयर्लंडचे जोसेफ बिगर यांना पू करणाऱ्या जंतूंपैकी असे थोडे पेनिसिलीनमधून वाचलेले दिसले. त्यांची पुढची पिढी मात्र त्याच औषधाला बळी पडली. क्षयाचे जंतूही असेच दडून राहतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे : बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे. डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या चालू ठेवा. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.