सबजंक्टिव्हचा बागुलबुवा

परवा भाचीने स्पॅनिशचा क्लास सोडला. का, तर म्हणे, "मामा, सबजंक्टिव्ह सुरू झालं. सर म्हणाले, इंग्लिशमध्ये हे जवळजवळ नाहीच, म्हणून जड जातं."

आता हसावं की रडावं? (घ्या, आलंच की वाक्यात!) वर्गातली सगळी पोरं घरी मराठी बोलणारी, आणि अडचण काय, तर इंग्रजीत नाही! अहो, आपल्याकडे विध्यर्थ आहे ना. 'माझी इच्छा आहे की तू बोलावंस', स्पॅनिशमध्ये 'किएरो के आब्लेस'. 'की'च्या जागी 'के', 'बोलावंस'च्या जागी 'आब्लेस'. शेवटचा 'स'सुद्धा जुळतो, योगायोगाने का होईना. इंग्रजीत मात्र 'आय वॉण्ट यू टू स्पीक', आणि त्या वळणाने गेलं की 'किएरो तू आब्लार' असली चूक हमखास होते. दोष पोरांचा नाही, वाट वाकडी.

नियमित क्रियापदांत तर घाबरण्यासारखं काही नाहीच. नुसती स्वरांची अदलाबदल. 'आर'वाल्यांना ए : आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. 'एर' आणि 'ईर'वाल्यांना आ : कोमेरचं कोमा, बीबीरचं बीबा. बुस्कारचं बुस्के करताना रोमन लिपीत 'सी' जाऊन 'क्यू-यू' येतं, त्याचा केवढा बाऊ! देवनागरीत लिहून बघा, क तसाच.

आणि 'बीबा' तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दरवर्षी 15 सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष सज्जातून 'बीबा मेहिको' अशी घोषणा देतात, ते हेच रूप. चिरायू होवो!

मराठी सगळीकडे तारून नेते असं नाही हं. 'नो क्रेओ के आब्ले' म्हणताना आपण साधंच 'तो बोलतो असं मला वाटत नाही' म्हणतो. 'क्वांदो येगेस'ला आपला भविष्यकाळ, 'तू पोचशील तेव्हा'. मग तास इथे घालवा ना! तिथे मात्र सरांनी एक छापील यादी हातात ठेवली म्हणे, पाठ करा.

असो. रविवारी तिला जेवायला बोलावलंय. आईने आत्ताच फोनवर फर्मान सोडलंय : "पैसे भरलेत, पोरीने क्लास सोडू नये." पहिला धडा ह्याच वाक्याचा घेणार आहे.