माप ज्याच्या हाती

जुन्या सावकाराच्या घरी धान्य मोजण्याच्या दोन पायल्या असत, असे वडीलधारी माणसे सांगत. कुळाला देताना भरायची पायली वेगळी आणि कुळाकडून घेताना भरायची वेगळी. दोन्हींचे नाव एकच, दोन्हींवर भरवसाही सारखाच. फरक पडे तो कुळाच्या कणगीत. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. तो सावकार गेला, त्या पायल्याही अडगळीत पडल्या. परंतु माप आणि माल दोन्ही एकाच्याच हाती असले की काय घडते याचा प्रत्यय घ्यावयाचा असेल, तर आज विमान कंपन्यांच्या पॉइंटांच्या व्यवहाराकडे पाहावे.

प्रवाशाला प्रत्येक प्रवासामागे काही पॉइंट द्यावयाचे आणि ते पुरेसे साठले की त्यांच्या मोबदल्यात तिकीट द्यावयाचे, ही पद्धत अमेरिकेत रूढ झाली. तेथील सरकारने १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरील नियंत्रणे उठविली, गिऱ्हाईक ओढण्यासाठी कंपन्यांत चढाओढ लागली आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना जाहीर केली. त्याच महिन्यात युनायटेडने तिचे अनुकरण केले. पुढे ही प्रथा जगभर पसरली. आज तर पॉइंट मिळविण्यासाठी विमानात पाऊल ठेवण्याचीही गरज उरलेली नाही. बँकेच्या क्रेडिट कार्डावर किराणा घेतला, विजेचे बिल भरले, तरी खात्यात पॉइंट पडतात. आखातात नोकरी करणारा, जहाजावर तांडेलकी करणारा किंवा मुंबईत बिऱ्हाड थाटलेला आपला माणूसही हे पॉइंट पै-पैशासारखे जपून ठेवू लागला आहे.

अशा लहान साठवणाऱ्याच्या दृष्टीने जवळच्या प्रवासाचे मोल फार मोठे आहे. वर्षाकाठी एक-दोन फेऱ्या करणाऱ्याच्या खात्यात युरोप-अमेरिकेच्या वारीइतके पॉइंट कधी साठत नाहीत. त्याच्या आवाक्यात असते ते तास-दीड तासाचे उड्डाण. गोवा ते मुंबई हे हवाई अंतर जेमतेम सव्वाचारशे किलोमीटरचे. पण चवथीच्या तोंडावर किंवा घरातले कोणी अत्यवस्थ असल्याचा निरोप आल्यावर याच अंतराचे तिकीट रोखीने काढू जावे, तर सामान्य माणसाचे डोळे पांढरे होतात. अशा वेळी साठविलेले पॉइंट कामी यावेत, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. म्हणूनच जवळच्या प्रवासासाठी लागणाऱ्या पॉइंटांचा भाव जेव्हा वाढतो, तेव्हा पहिला फटका बसतो तो लहान माणसाला.

हा भाव कसा वाढत जातो याचे बोलके उदाहरण ब्रिटिश एअरवेज या कंपनीचे आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या गोमंतकीय बांधवांना ती परकी नाही. या कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये आपल्या पॉइंटांना 'एव्हिओस' हे नाव दिले आणि अंतरावर आधारलेले कोष्टक जाहीर केले. त्यानुसार ६५० मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,०४६ किलोमीटरपर्यंतच्या एकेरी प्रवासाला ४,५०० एव्हिओस पडत. लंडनहून पॅरिस, ॲमस्टरडॅम, एडिंबरो ही ठिकाणे त्यात बसत. एवढेच नव्हे, तर सहयोगी कंपन्यांच्या विमानांनाही हेच कोष्टक लागू असल्यामुळे अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानातील जवळच्या प्रवासाची जागा याच भावात मिळू शके. खुद्द अमेरिकन एअरलाइन्स मात्र आपल्या योजनेत देशांतर्गत एकेरी प्रवासाला तेव्हा किमान १२,५०० मैल मागत असे. जाणत्या प्रवाशांनी या कोष्टकाचा लाभ घेतला, यात नवल ते काय?

पण कोष्टक छापणाऱ्याचा हात ते पुसण्यासही मोकळा असतो. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने दोन बदल एकदम केले. कमी गर्दीच्या दिवसांत जवळच्या प्रवासाचा भाव ४,५०० वरून ४,००० वर आणला. ही सवलत ठळकपणे सांगता येण्याजोगी होती. त्याच वेळी सर्वांत स्वस्त तिकिटावर मिळणाऱ्या एव्हिओसची किमान संख्या मात्र ५०० वरून १२५ वर उतरविण्यात आली. आता साधा त्रैराशिक हिशेब मांडून पाहावा. पूर्वी अशा तिकिटांच्या ९ फेऱ्यांत एक फेरी सुटत असे; नव्या नियमानुसार, तीही केवळ कमी गर्दीच्या दिवसांतली, सुटण्यास ३२ फेऱ्या कराव्या लागणार होत्या. भाव उतरला असे वरकरणी दिसत होते. प्रत्यक्षात तो साडेतीन पटींनी चढला होता. देण्याची आणि घेण्याची पायली वेगळी असली की हा चमत्कार सहज साधतो.

त्यानंतर २ फेब्रुवारी २०१६ पासून उत्तर अमेरिकेपुरता ४,५०० चा टप्पाच रद्द झाला आणि तेथील अगदी लहान उड्डाणालाही ७,५०० एव्हिओस मोजावे लागू लागले. ही वाढ दोन तृतीयांशांची होती. मे २०१९ च्या अखेरीस सहयोगी कंपन्यांच्या विमानांतील सर्वांत जवळच्या टप्प्याचा भाव अन्यत्रही ४,५०० वरून ६,००० झाला. ही वाढ एक तृतीयांशाची. ऑक्टोबर २०२३ पासून तर अंतर मोजून पॉइंट देणेच बंद झाले आणि प्रवाशाने किती पैसे खर्च केले यावर ते ठरू लागले. तळच्या श्रेणीतील सभासदाला खर्चलेल्या प्रत्येक पौंडामागे ६ एव्हिओस मिळतात. म्हणजे जो महाग तिकीट काढील त्याला अधिक, आणि जो काटकसरीने प्रवास करील त्याला कमी. योजनेला 'निष्ठे'चे नाव आहे खरे. परंतु तेथे मोजली जाते ती निष्ठा नव्हे, पाकिटाची जाडी.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या कंपनीच्या विमानात आपल्या सभासदाला जागा द्यावयाची तर तिचे पैसे त्या कंपनीला मोजावे लागतात. दोन मोठ्या शहरांमधील जवळच्या प्रवासाचे रोख तिकीट पुष्कळदा लांबच्या प्रवासापेक्षा महाग असते, त्यामुळे केवळ मैल मोजून ठरविलेले कोष्टक तोट्यात जाऊ शकते. इंधन महागते, विमानतळांचे आकार वाढतात. भाव कधीच बदलू नये, अशी मागणी कोणीही समंजस माणूस करणार नाही. २०१६ चा बदल अमलात येण्यापूर्वी सभासदांना त्याची सूचना मिळाली होती, हेही नमूद केले पाहिजे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. नवा भाव नव्या पॉइंटांना लावावा. त्याविषयी तक्रार नाही. पण जे पॉइंट प्रवाशाने जुन्या भावाच्या भरवशावर, कधी अधिक पैसे देऊन तर कधी गैरसोयीचे विमान पत्करून, अगोदरच मिळविले, त्यांचेही मोल एका रात्रीत घटवावयाचे, याला व्यापार म्हणत नाहीत. यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असे की पॉइंट ही आम्ही दिलेली भेट आहे आणि भेटीला कोणी भाव विचारू नये. हे उत्तर आता टिकणारे नाही. कंपन्या हे पॉइंट बँकांना रोख पैसे घेऊन घाऊक विकतात आणि बँका ते आपल्या कार्डधारकांना वाटतात. जून २०२० मध्ये, महासाथीमुळे विमाने जमिनीवर असताना, युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरांचे कर्ज उभारले. त्या वेळी या योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर धरण्यात आले होते आणि ते त्या कंपनीच्या सर्व शेअरांच्या तेव्हाच्या बाजारभावाहून अधिक होते. सावकारापुढे ठेवताना जी वस्तू सोने ठरते, ती गिऱ्हाइकापुढे येताच खिरापत कशी होते, याचा खुलासा कोणीतरी करावयास हवा.

न्यायालयाची वाटही सुकर नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आपल्या योजनेचे नियम जुन्या मैलांनाही लागू होतील अशा रीतीने बदलले, तेव्हा सभासद न्यायालयात गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निर्णय दिला की राज्यांच्या ग्राहक कायद्याखाली अशी तक्रार चालणार नाही. करारभंगाची तक्रार मात्र करता येईल. पुढे २०१४ मध्ये, 'नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग' या खटल्यात, करारात गृहीत धरलेल्या सचोटीच्या तत्त्वाचा आधारही त्याच न्यायालयाने एकमताने नाकारला. निष्कर्ष सरळ आहे. करारात जे लिहिले तेवढेच खरे, आणि करार लिहिते ती कंपनी. नियम केव्हाही बदलण्याचा अधिकार आपल्याकडे राखून ठेवणारे कलम त्यात असल्यावर करारभंग तरी कोठून व्हावयाचा? सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने तेथील चार सर्वांत मोठ्या कंपन्यांकडून पॉइंटांच्या घटत्या मोलाविषयी आणि क्षणोक्षणी बदलणाऱ्या भावांविषयी माहिती मागविली. प्रश्न केवळ चार हौशी प्रवाशांचा नाही, हे सरकारलाही मान्य करावे लागले, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडचा अनुभव याहून बरा नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या सभासदांच्या खात्यांतील पॉइंटांना कोणी वाली उरला नाही. जेट एअरवेजचे अखेरचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले. तिची पॉइंट योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे दुसरे नाव घेऊन ती तगली, परंतु ज्या विमानांसाठी लोकांनी ते साठविले ती विमानेच नाहीशी झाली होती. एअर इंडियानेही एप्रिल २०२४ मध्ये अंतराऐवजी खर्चावर पॉइंट देण्याची पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा तिच्यात विलीन झाली आणि विस्ताराच्या सभासदांचे पॉइंट तिच्या योजनेत वर्ग झाले. कंपन्या थोड्या उरल्या की माप तपासून पाहण्यास दुसरे दुकानही उरत नाही. लहान शहरांच्या वाट्याला तर अनेकदा एकाच कंपनीचे विमान येते. तेथे निष्ठा ही प्रवाशाची निवड नसून त्याची लाचारी असते.

सुदैवाने आपला कायदा याबाबत अगदी मुका नाही. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करारा'ची व्याख्या दिलेली आहे. ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय बदल घडवून आणणारी एकतर्फी कलमे तीत मोडतात आणि अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही त्याच वर्षी स्थापन झाले. या प्राधिकरणाने आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मिळून चार साधे नियम घालून द्यावेत, असे आम्ही सुचवितो. पॉइंटांचा भाव वाढविण्यापूर्वी किमान सहा महिने सूचना द्यावी. त्यापूर्वी साठलेले पॉइंट आणखी एक वर्ष जुन्या भावाने स्वीकारावेत. कोणत्या अंतराला किती पॉइंट लागतील याचे कोष्टक जाहीर ठेवावे आणि त्या भावात प्रत्येक उड्डाणाच्या किती जागा दिल्या तेही सांगावे. आणि बँकांना पॉइंट विकून जो पैसा येतो त्याचा काही भाग स्वतंत्र ठेवावा, म्हणजे कंपनी बुडाली तरी सभासद पुरता बुडणार नाही. यात कोणाच्या नफ्यावर घाला नाही. दिलेला शब्द पाळण्याची हमी तेवढी आहे.

हे नियम होईपर्यंत वाचकांनी स्वतःपुरता शहाणपणा धरावा, हे बरे. पॉइंट म्हणजे बँकेतील ठेव नव्हे. त्यांवर व्याज नाही, त्यांना हमी नाही, त्यांची मुदत संपते आणि मोल घटते. ते साठवून ठेवण्यात शहाणपण नाही, वेळेवर वापरण्यात आहे. पॉइंट मिळतात म्हणून महाग तिकीट घेणे किंवा कार्डावर अनावश्यक खर्च करणे, म्हणजे फुकटच्या ताकासाठी गाय विकत घेण्यासारखे आहे.

पणजीहून बोटीत बसून मुंबई गाठणाऱ्या पिढीला पॉइंट ठाऊक नव्हते. तिकिटावर जो भाव छापलेला असे तो द्यावयाचा आणि जागा घ्यावयाची, एवढाच तो व्यवहार होता. विमानाने आपले अंतर तासाभरावर आणले, ही प्रगतीच आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु व्यवहाराची जुनी कसोटी अद्याप बदललेली नाही. ज्या पायलीने दिले त्याच पायलीने घ्यावे. कंपन्यांना हे आपण होऊन उमजत नसेल, तर पायलीवर सरकारी शिक्का मारण्याची वेळ आली आहे.